सन तेवढा राहिला

घड्याळाचा मनोरा आधी झाला की रेल्वे आधी आली, या प्रश्नावरून आमच्या घरातली जेवणं गेली कित्येक वर्षं गार होत आली आहेत. धाकट्या भावाचं म्हणणं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून मनोरा बांधला. माझं म्हणणं, मनोरा आधीपासूनच होता आणि रेल्वे त्याच्याकडे बघूनच उशिरा यायला शिकली. पुरावा दोघांकडेही नव्हता, म्हणून दोघंही ठाम होतो.

अशात माळ्यावर पणजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आत जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचा गठ्ठा, आणि सगळ्यात वर आमचा मनोरा! मी ते कार्ड भावाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणालो, "उलटून बघ. टपालाचा शिक्का असेल, त्यात सन असेल."

त्याने उलटलं. तिकीट नव्हतं. तिकिटाच्या जागी चौकोनी भोक होतं आणि भोकाच्या कडेला शिक्क्याची एक काळी कोर उरली होती. भावाने कार्ड डोळ्यासमोर धरलं आणि त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिला.

पेटीत साठेक कार्डं होती. बहुतेकांच्या आभाळाला तशीच खिडकी पाडलेली. हात मात्र सफाईदार होता. हे ज्याने केलं त्याचा मी त्या संध्याकाळी यथेच्छ उद्धार केला. इतिहासाचा मारेकरी, कात्रीधारी दरोडेखोर, वगैरे. आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, लहान पोर असेल." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दहाबारा कार्डं कात्रीतून वाचली होती. ती घेऊन मी भिंगासकट बसलो. बसल्यावर कळलं की शिक्का मारणारा माणूस इतिहासासाठी शिक्का मारत नाही, त्याला समोरचा ढीग संपवायचा असतो. त्यामुळे गावाचं नाव ठसठशीत, दिवस-महिना बरा, आणि सनावर नेमका शाईचा डाग. शेवटचा आकडा तीन की आठ, यात माझा एक आख्खा रविवार गेला. दिवा तिरका धरला, फोटो काढून काळा-पांढरा केला, मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी आकडा गेला आणि नुसता कागदाचा पोत उरला. सकाळी तो तीन असायचा, दिवेलागणीला आठ. मला जुना सन हवा होता म्हणून मी तीनच वाचत होतो. भाऊ जाता जाता वाकला आणि "आठ" म्हणून निघून गेला.

या दुखण्याचं मूळ फार जुनं आहे. तारखेचा शिक्का काढला तो इंग्लंडचा पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशप याने, १६६१ मध्ये. पत्रं उशिरा मिळतात अशी लोकांची ओरड होती, तेव्हा ती कुणी वाटेत दाबून ठेवू नयेत म्हणून ही तोड. छोटं वर्तुळ, मधोमध आडवी रेघ, एका अर्ध्यात महिना, दुसऱ्यात दिवस. सन नाही! त्याचंही बरोबरच होतं म्हणा. पत्र किती दिवस रखडलं हे कळायला सन कशाला लागतो? कधीतरी कुणी दोन भाऊ मनोऱ्यावरून हमरीतुमरीवर येतील, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचणार? पुढे १८४४ पासून ब्रिटनमध्ये तिकिटं रद्द करायला नुसत्या क्रमांकाचे शिक्के निघाले. गावाला नावाऐवजी नंबर, कैद्याला असतो तसा. शिवाय १८३८ पासून तिथे धावत्या रेल्वेत टपाल निवडलं जाऊ लागलं आणि पुढे त्या डब्यांचेही स्वतंत्र शिक्के झाले. म्हणजे कार्डाला विचारावं, "बाबा, निघालास कुठून?" तर उत्तर, "गाडीतून."

शिक्का दगा देतो तेव्हा कार्डाची पाठ बघावी, असं वाचनात आलं. पोस्टकार्ड पहिल्यांदा निघालं ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. कल्पना एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची, आणि त्यावर चित्रबित्र काही नव्हतं. चित्रं आली तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा असे, त्यामुळे लोक चित्राच्या बाजूला, मिळेल त्या जागेत, ख्यालीखुशाली कोंबायचे. आभाळात लिहायचे, नदीत लिहायचे. १९०२ मध्ये ब्रिटनने पाठीवर मधे रेघ मारून एक बाजू मजकुराला दिली, १९०७ मध्ये अमेरिकेने. तेवढी एक रेघ दिसली की कार्डाचं वय उघडं पडतं. शिक्क्यापेक्षा ही रेघ कितीतरी प्रामाणिक, असं माझं मत झालं आहे.

मजकूर मात्र कुचकामी. "इकडे सर्व क्षेम, हवा बरी आहे." अरे, समोर मनोरा उभा आहे, त्याच्याबद्दल एक शब्द? एकाने चित्रातल्या खिडकीवर फुली मारून "ही माझी खोली" लिहिलंय. एकाने "आज संध्याकाळी येतो" असं कळवलंय, आणि शिक्क्यांवरून दिसतं की सकाळी टाकलेलं ते कार्ड पाहुण्याच्या आधी पोहोचलंसुद्धा. हल्ली आमच्याकडे पाहुणा आधी येतो आणि त्याचा मेसेज मागून वाजतो.

चित्रावर तर अजिबात विसंबू नये. दोन कार्डांवर मनोऱ्याचा तोच फोटो निघाला. घड्याळात तेच चार वाजून दहा मिनिटं, रस्त्यात तेच कुत्रं. फक्त एकावर पूर्ण चंद्र चिकटवून रात्र केलेली! हे उद्योग तेव्हा सर्रास चालत. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंगीत कार्डं छापून घ्यायची, तीही बऱ्याचदा जर्मनीत, आणि रंग भरणाऱ्याने ते गाव जन्मात पाहिलेलं नसायचं. छपराचा रंग त्याच्या मर्जीवर. खपत असलेला फोटो प्रकाशक वर्षानुवर्षं वापरत. त्यामुळे शिक्का एवढीच साक्ष देतो, की कार्ड टपालात पडलं त्या दिवसाच्या आधी कधीतरी हा फोटो निघाला होता. किती आधी, ते कुत्र्याला ठाऊक.

तरी माझा जीव त्या भोकवाल्या कार्डातच अडकला होता, कारण पणजोबांना आलेल्या कार्डांत सगळ्यात जुनं तेच दिसत होतं. शेवटी आईला दया आली. "अरे, ती तिकिटं तूच कापलीस. तिसरीत होतास. वही होती ना तुझी तिकिटांची?"

भावाचा त्या क्षणीचा चेहरा मी इथे वर्णन करणार नाही.

वही सापडली. पण पणजोबांच्या पानावर एक ओळ रिकामी, आणि तिच्याखाली माझ्याच गिचमिड अक्षरात नोंद की ही तिकिटं देऊन तीन त्रिकोणी तिकिटं घेतली. ज्याच्याशी सौदा झाला तो वर्गमित्र अजून संपर्कात आहे. त्याला फोन लावला. "आहेत की जपून!" तो म्हणाला. "पण तू दिलीस तेव्हा त्यांच्यावर काय तो काळा राडा होता! मी खोडरबराने घासून स्वच्छ केली."

१८४० मध्ये जगातलं पहिलं टपाल तिकीट निघालं ते काळं होतं आणि त्यावर शिक्का लाल शाईचा. लोक तो पुसून तिकीट पुन्हा चिकटवतील या धास्तीने वर्षभरात तिकीट लाल केलं आणि शाई काळी. ती धास्ती नेमकी कुणाची होती, हे मला त्या फोनवर उमगलं.

मित्राने तिकिटाचा फोटो पाठवला. मी तो कार्डावरच्या कोरीला जुळवला. वर्तुळ बरोबर बसलं! खोडरबरातून वाचलेले आकडेही लागले. दिवस अठरा, महिना मे. सनाच्या जागी स्वच्छ, गुलाबी, घासलेला कागद.

भावाने बराच वेळ फोटो पाहिला. मग ताट पुढे ओढत म्हणाला, "म्हणजे मे महिन्यात मनोरा होता. एवढं मान्य."