केस कसे?

पाटोडीच्या रश्श्याकडे बोट दाखवून मी "केस्कसे?" म्हणालो आणि आमचे साडू ताटावरून उठून हात धुवायला गेले. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'हे काय आहे?' एवढाच. पण साडूंच्या डोक्यावर गेल्या दहा वर्षांत एक काडी उगवलेली नाही आणि मी भरपंगतीत त्यांच्या केसांची चौकशी केली होती.

त्याचं असं झालं की मुलाला आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरी लागली. मी नुकताच रिटायर. मे महिना, नागपूरचा पारा ४५ वर, कूलरसमोरून उठायची सोय नाही. म्हटलं, आयरिश शिकू. "फ्रेंच सोपी असते," असं सोसायटीतल्या एका जाणकारानं सांगितलं, म्हणून तीही घेतली. रोज सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या ऐका, हा सल्ला त्यांचाच. फ्रान्सचं आरएफआय रेडिओ त्या खरंच देतं आणि फुकट देतं. पण 'सोप्या' हा शब्द त्यांनी फ्रेंच मुलांकडे बघून वापरला असावा.

लिहायचं एक, म्हणायचं भलतंच. 'पक्षी'चं अनेकवचन सात अक्षरं खर्चून लिहायचं आणि तोंडातून 'वाझो' एवढंच काढायचं. आकड्यांवर तर मी हातच टेकले. ऐंशी म्हणजे 'चार-वीस', सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. मी वैतागून मोठ्यानं पाठ करत होतो, तर आई खाटेवरून म्हणाली, "चार इसा न् सतरा. त्यात काय एवढं? आम्ही बाजारात असंच मोजत होतो." आईचं वय ८४, म्हणजे चार इसा न् चार. तिला फ्रान्समध्ये भाजी घेताना कोणी फसवू शकणार नाही.

आयरिशची धास्ती होती, कारण बी-एच-एफ अशी तीन अक्षरं रांगेत उभी आणि उच्चार नुसता 'व'. पण आत शिरलो तर घरच्यासारखं वाटलं! 'मी भुकेला आहे' असं ते म्हणतच नाहीत, 'भूक माझ्यावर आहे' म्हणतात: 'ता ओक्रस ओरम'. यातला 'ता' म्हणजे 'आहे'. आपल्याला लागते, त्यांच्यावर बसते. पुस्तकही त्यांच्या 'मालकीचं' नसतं, आपल्यासारखं 'माझ्याकडे' असतं. हो-नाहीला शब्दच नाही. "जेवलास?" तर "जेवलो." आमच्या घरी तरी दुसरं कोण काय म्हणतं?

मांजरीनं मात्र आठवडा खाल्ला. 'त्याची', 'तिची', 'त्यांची' या तिन्हींना एकच 'अ', फरक पडतो तो पुढच्या शब्दाच्या तोंडाला. त्याची मांजर 'अ खात', तिची 'अ कात', त्यांची 'अ गात'. शेवटी वहीत लिहिलं: त्याची खात, त्यांची गात, तिची पानाला कात. तेव्हापासून चुकलो नाही. व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात ही युक्ती नाही, आणि ते बरंच आहे.

उच्चारासाठी तेंगलन नावाचा ऑनलाइन शब्दकोश सापडला. एकेक शब्द तीन बोलींत बोलून दाखवतो. तीन कशाला, हा प्रश्न नागपूरच्या माणसाला पडू नये. 'काय करतोयस?' आणि 'काय करून राह्यला बे?' यांत जेवढं अंतर, तेवढं त्यांच्या मन्स्टर आणि अल्स्टर या प्रांतांच्या बोलींमध्ये आहे. मग सकाळी राडिओ ना गेल्ताख्ता लावायला लागलो. हे आयरिश रेडिओ १९७२ पासून चालू आहे. अर्थ कळत नव्हता, पण भाषा कानात मुरत होती. बायको म्हणाली, "मुरू दे. तेवढं दळण आणून मग मुरव."

मुलाला फोनवर दोन वाक्यं ऐकवली. तो म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात. शाळेत शिकलेलं विसरलो म्हणतात."

मी हटलो नाही. उलट ठरवलं, रविवारी सकाळभर फक्त आयरिश. पोह्याच्या टपरीवर प्लेट हातात घेऊन पोरग्याला आयरिशमध्ये धन्यवाद दिले. ते घाईत म्हटलं की 'गुरमागत' असं होतं.

"अजून मागता, काका? तर्री टाकू?"

डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. मी 'नाही' म्हणणार, तर आयरिशमध्ये 'नाही' नाही. योग्य क्रियापद आठवेस्तोवर पोहे दिसेनासे झाले होते.

"ता," मी म्हणालो.

"टाकतो ना," म्हणून त्यानं दुसरा डाव ओतला.