जुना लॅपटॉप गावाकडे जातो तेव्हा

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये जळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, ‘मामा, विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता नानांचा लॅपटॉप बदलावाच लागेल.’ त्यावर चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, अहिराणीत आवाज आला, ‘चालस ना ते, मंग नवं कसाले?’ संगणक आणि मोबाइल किती वर्षांनी बदलावेत, यावर आपल्याकडे घरोघरी जो वाद होतो तो या दोन वाक्यांत जवळजवळ पूर्ण सामावतो. मी अकरा वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, आणि या वादात मला परदेशस्थ म्हणून पंच नेमले जाते. वास्तविक त्यात मी पंच नसून आरोपी आहे.

कारण तो लॅपटॉप माझाच होता. २०१६ मध्ये मी तो घेतला, तीन वर्षे वापरला आणि २०१९ च्या दिवाळीत नानांना देऊन स्वतःसाठी नवा घेतला. परदेशी राहणाऱ्या माझ्या परिचयातील बहुतेक मराठी कुटुंबांत हीच रीत आहे: आपण लवकर बदलतो आणि मनाला टोचणी लागत नाही, कारण जुने यंत्र ‘वाया जात नाही’, ते गावाकडे जाते. देताना आपण त्यावरचे ओरखडे पुसतो, पिशवी नवी घेतो, पण त्या यंत्राला सुरक्षा अपडेट आणखी किती वर्षे मिळणार आहेत हे पाहत नाही. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी ही अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे ती प्रणाली २०१५ मध्ये आली तेव्हाच ठरलेले होते. माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ही अट पुढे २०२१ मध्ये आली, ती मला आधी कळणे शक्य नव्हते. पहिली तारीख मात्र मी पाहू शकलो असतो. मी तीन वर्षे वापरून यंत्राचे तारुण्य घेतले आणि उताराची वर्षे नानांच्या पदरात टाकली, असे आता वाटते.

सपोर्ट संपणे म्हणजे यंत्र बंद पडणे नव्हे, हे भाच्याला समजावणे सोपे होते. यंत्र सुरू होते म्हणून ते ठीक आहे असे नव्हे, हे नानांना समजावणे अवघड गेले. त्या लॅपटॉपवर नाना सातबारा पाहतात, केळीचे रोजचे भाव पाहतात आणि बँकेचे व्यवहारही करतात. नुसते पत्र टंकायचे असते, तर जुन्या प्रणालीवर आणखी पाच वर्षे काढायला माझी हरकत नव्हती. पण जिथे पैसे हलतात, तिथे प्रणालीच्या सुरक्षेत सापडलेली भोके बुजवणारे कोणी नसणे हा खरा धोका आहे. त्यातही घाई करण्याचे कारण नव्हते. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली होती. युरोपात ती विनामूल्य होती, आणि भारतातही मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास पैसे पडत नव्हते. एक वर्ष हाती होते, आणि ते वर्ष कसे वापरायचे एवढाच प्रश्न उरला होता.

डिसेंबरात मी गावी गेलो तेव्हा प्रश्न वेगळ्याच दिशेने पुढे आला. लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगत होता आणि टचपॅडची एक कड वर उचलली गेली होती. नानांना वाटत होते की टेबल वाकडे आहे. वीज केव्हाही जाते म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षे इन्व्हर्टरच्या प्लगला कायम जोडून ठेवला होता, आणि बॅटरी आतल्या आत फुगली होती. मी तो बंद करून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नेला. दोन माणसे शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला जागा उरणार नाही अशा एका दुकानात पंचविशीच्या मुलाने तो उघडला, निघालेले स्क्रू लांबीप्रमाणे शीतपेयाच्या बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवले, आणि फुगलेली बॅटरी धातूच्या कशानेही न उचलता एका जुन्या प्लास्टिक कार्डाने हळूहळू सोडवली. पंख्यावर साचलेला धुळीचा थर त्याने ब्रशने काढला तेव्हा तो कापडाच्या चिंधीसारखा अखंड निघाला. मूळ कंपनीची बॅटरी मिळणे केव्हाच बंद झाले होते, त्यामुळे त्याने दुसऱ्या बनावटीची बसवली. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकली, आणि दोन दिवसांनी यंत्र हाती दिले. सगळा खर्च नव्या साध्या लॅपटॉपच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता. दुसऱ्या एका लॅपटॉपच्या स्क्रीनसाठी मी स्टुटगार्टमध्ये चौकशी केली होती तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे सांगितले होते की, सुट्या भागापेक्षा मजुरी जास्त होईल, आपण नवाच घ्यावा.

म्हणून ‘किती वर्षांनी बदलावे’ याला दोन देशांत एकच आकडा लागू होत नाही. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि पूर्ण चार्ज स्थितीत सतत राहणेही मानवत नाही. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या किंवा धाब्याच्या खोलीतली बॅटरी जर्मनीतल्या बॅटरीपेक्षा लवकर म्हातारी होते. उलट ती बदलणारा हात खानदेशात बसच्या अंतरावर आणि परवडेल अशा दरात मिळतो. इथे जर्मनीत बॅटरी टिकते पण दुरुस्ती परवडत नाही, तिथे बॅटरी टिकत नाही पण दुरुस्ती परवडते.

आपल्याकडच्या चर्चेत युरोपच्या कायद्यांचा दाखला आदराने दिला जातो, आणि काही अंशी तो योग्य आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅब्लेटना, ते मॉडेल बाजारात विकणे थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे बंधनकारक आहे. बॅटरीने आठशे चार्जनंतरही ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे, अशीही अट आहे. दुकानात फोनशेजारी आता फ्रिजसारखी रंगीत पट्टी दिसते आणि तिच्यावर दुरुस्तीच्या सोयीसाठी अ ते ई अशी श्रेणी असते. हे मला मनापासून आवडते. पण या नियमांत लॅपटॉप नाहीत, हे दाखला देणारे सांगत नाहीत. शिवाय याच जर्मनीच्या अर्थमंत्रालयाने २०२१ मध्ये करहिशेबासाठी संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षांवरून एका वर्षावर आणले. संघाचा कायदा यंत्र जास्त टिकवा म्हणतो आणि जर्मनीचे हे खाते पहिल्याच वर्षी सगळी किंमत खर्ची टाकू देते.

भारतात २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू झाले, आणि दुरुस्तीयोग्यतेच्या, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे सांगणाऱ्या, निर्देशांकाबाबत नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. असा निर्देशांक जरूर यावा. पण गोलाणीतल्या त्या मुलाला दुरुस्ती करण्याची परवानगी नको आहे, ती तो रोज करतोच. त्याला मूळ सुटे भाग वाजवी भावात हवे आहेत, आणि रॅम व एसएसडी मदरबोर्डला कायमची डाखलेली नसावी असे वाटते. अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम डाखलेलीच असते, आणि मग त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते.

नोकरी करणारे लोक हमखास सांगतात तो तीन वर्षांचा नियमही तपासून पाहण्यासारखा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉप व डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे, आणि कार्यालयांची वॉरंटीही बहुधा तेवढीच असते. हा आकडा हिशेबाच्या वहीचा आहे, यंत्राचा नाही. किंबहुना माझा सध्याचा लॅपटॉप एका कार्यालयाने भाड्याची मुदत संपली म्हणून परत केलेला आहे. तो मी नूतनीकरण केलेला घेतला आणि चार वर्षे बिनतक्रार वापरतो आहे.

परतीच्या आदल्या रात्री मी हे सगळे नानांना सांगत होतो, तेव्हा त्यांनी मला पिलबागेची गोष्ट काढून गप्प केले. केळीचे पहिले पीक निघाल्यावर त्याच खोडाच्या पिलांवर पुढचे पीक घ्यायचे की बाग मोडून नवी लागवड करायची, हे कोणी वर्षे मोजून ठरवत नाही. मुळे कशी आहेत, रोग शिरला आहे का, आणि नव्या रोपांचा भाव काय, हे पाहून ठरवतात. पहिली पिलबाग ते डोळे मिटून घेतात, दुसरीच्या वेळी विचार करतात. लॅपटॉपची एक मोठी दुरुस्ती झाली, म्हणजे त्याची पहिली पिलबाग झाली, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. वाढीव मुदत संपली की त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायची असे मी आणि भाच्याने ठरवले आहे. नानांचे सगळे काम ब्राउझरमध्ये होते आणि इनस्क्रिप्ट पद्धतीचे मराठी टंकन तिथेही चालते.

भाच्याचा स्वतःचा प्रश्न निराळा आहे. त्याला कॅडचे, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचे, काम आहे, त्याचा जुना लॅपटॉप खरोखर अपुरा पडतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्यामुळे थांबून फायदा होईल अशी खात्री देता येत नाही. बिनव्याजी हप्त्यावर महागडा घेण्याचा त्याचा बेत मात्र मी मोडून काढला, आणि माझा सध्याचा लॅपटॉप त्याला देण्याचे कबूल केले. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय नेता येतो. माझ्या वापरासाठीचा मी नेईन, आणि भाच्याला द्यायचा हा माझ्या पत्नीच्या सामानात जाईल.

देताना या वेळी मी त्याच्या तळाशी एक कागद चिकटवला आहे. पहिल्या ओळीत यंत्र तयार झाल्याचे वर्ष आहे, दुसरीत मी बॅटरी बदलली तो महिना, तिसरीत रॅम वाढवता येते ही नोंद. चौथ्या ओळीत ‘सुरक्षा अपडेट कधीपर्यंत’ असे लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे, कारण या यंत्राला विंडोज ११ ची साथ नेमकी कधी सुटणार ती तारीख अजून जाहीर झालेली नाही. ती झाली की पेनने भरायचे काम भाच्याचे आहे.