सेवा सुरळीत होऊन राहिली आहे

परवा आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या फायबरवाल्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : 'फायबर कट, टीम ऑन वर्क.' वाचून जीव हळहळला. नेट बंद पडलं त्याचं काही नाही; नेट पडतंच. पण बंद पडल्याची सूचना इतकी कोरडी, इतकी उघडीनागडी? कारण सांगून मोकळा! आता लोक विचारणार, कुठे कट झाली, कोणी केली, किती वेळ लागेल. पोराने आपल्या हाताने दार उघडून दिलं.

असं होतं कारण या धंद्यात जुनी माणसं उरली नाहीत. मी जुना आहे. बर्डीवरच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आमची डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या लाइनीवरून नंबर फिरवून चालणाऱ्या, इंटरनेटची कंपनी होती. नाव सांगत नाही, काही गिऱ्हाइकं अजून शोधात असतील. सूचना लिहिण्याचं खातं माझ्याकडे. तेव्हा तुम्ही या धंद्यात असाल, पडायचा विचार असेल, किंवा लोकांना ताटकळत ठेवायचं दुसरं कुठलंही काम करत असाल, तर जरा बसा. फुकट सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी लोकांना परवाने द्यायचं धोरण काढलं. अ वर्ग अख्ख्या देशासाठी, ब वर्ग एका टेलिकॉम सर्कलसाठी आणि क वर्ग एका टेलिफोन जिल्ह्यापुरता. अ वर्गाला बँक गॅरंटी दोन कोटींची, क वर्गाला तीन लाखांची. म्हणजे कूलरचा धंदा करणारा माणूससुद्धा इंटरनेट विकू शकत होता. आमच्या मालकांचा कूलरचाच होता.

पहिली गोष्ट शिका ती 'पर्यंत' हा शब्द. मराठीत याच्याइतका कर्तबगार शब्द नाही. आमच्या पाटीवर लिहिलं होतं, 'वेग ५६ केबीपीएसपर्यंत', म्हणजे सेकंदाला छप्पन हजार बिट; आठ बिटांचं एक इंग्रजी अक्षर. आता ५६ चा वेग मिळायचा तर कंपनीच्या बाजूची जोडणी डिजिटल लागते. आमच्याकडे होत्या तीस साध्या टेलिफोन लायनी आणि लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेले तीस मोडेम. दोन्ही टोकांना साधी लाइन असली की गाडी ३३.६ च्या वर जात नाही. मोडेम कितीही महाग घ्या, गिऱ्हाइकाने कितीही हात जोडा. पण ३३.६ हे ५६ पर्यंतच येतं ना? शून्यही येतं. पाटीत एक अक्षर खोटं नव्हतं.

आणि या तिसांच्या पाठीमागे आमची बाहेरच्या जगाला जोडणारी लाइन होती ६४ केबीपीएसची. हिशेब करा. संध्याकाळी साडेसातला तीसही मोडेम लागले की माणशी वाटणी दोन केबीपीएसच्या किंचित वर. सेकंदाला इंग्रजीची पावणेतीनशेही अक्षरं नाहीत. एवढ्यात आमचे मालक गल्लीतल्या टपरीवरून तर्री पोह्याची प्लेट सांगून, खाऊन, हात धुऊन परत यायचे आणि याहूचं पान तोवर निम्मं उघडलेलं असायचं. अशा वेळी 'वेग कमी आहे' असं लिहू नका. लिहा : 'ग्राहकांच्या उदंड प्रतिसादामुळे.' दोष प्रतिसादाचा. वाचणाऱ्याला वाटतं, आपणही त्या उदंडात आहोत, थोडा मान आपलाही.

एकतिसाव्याला लाइन व्यस्त मिळायची. संगणकावर ६७६ आकडा यायचा. हे आकडे पाठ करा. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त. ६८० म्हणजे डायल टोनच नाही, ते टेलिफोन खात्याकडे ढकलावं. आणि ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ६९१ ही देवाची देणगी आहे. तक्रार कुठलीही असो, आधी विचारा, 'काका, कॅप्स लॉक तर चालू नाही ना?' समोरचा एवढा ओशाळतो की पुढचे दोन दिवस फोन करत नाही.

तसाही फोन कसा करणार? घरात टेलिफोन एक. तो नेटला लागला की फोन बंद, आणि फोन करायचा तर नेट सोडावं लागे. म्हणजे जोवर माणूस आमच्या सेवेचा लाभ घेत आहे तोवर त्याला तक्रार करताच येत नाही. इतकी सुबक रचना मी नंतर कुठल्या धंद्यात पाहिली नाही.

सूचना कशी पोहोचवायची, यावरही विचार झाला होता. आम्ही ती ई-मेलने पाठवायचो. 'आज दुपारी २ ते ६ सेवा बंद राहील' ही मेल गिऱ्हाइकाला सहानंतर, सेवा सुरू झाल्यावर मिळायची. त्यामुळे आमच्या प्रत्येक सूचनेत एक समाधान होतं : ती वाचता आली, म्हणजे तिची गरज संपली. कोणी ऑफिसात भांडायला आलाच तर त्याला मेल पाठवल्याची वेळ दाखवायची. मी १.४० ला पाठवली होती. पुरावा आहे.

आता भाषेकडे या. पुण्या-मुंबईकडचे लोक लिहितात, 'दुरुस्तीचे काम सुरू आहे.' सुरू आहे म्हटलं की संपणं आलंच. आपल्या नागपुरी बोलीत त्याहून सरस सोय आहे : 'काम होऊन राहिलं.' यात राहणं आहे, बस्तान आहे. आला का रे लाइनमन? येऊन राहिला. मोडेम बदलला? बदलून राहिलो. हे खोटं कधीच ठरत नाही, कारण झालं असं तुम्ही म्हटलंच नाही. मी पुस्तकी सूचनेतही ते घुसवलं होतं : 'सेवा सुरळीत होऊन राहिली आहे.' मालक इतके खूश झाले की त्यांनी त्याचा रबरी शिक्का करवून घेतला.

मे महिन्याचं वेगळं सांगतो. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की पंचेचाळीसच्या वर पारा ही बातमी राहत नाही. तीस मोडेम असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय होत असेल! मालकांनी दुकानातला एक मोठा डेझर्ट कूलर आणून थेट मांडणीवर तोंड करून लावला. खस नवी, पंप जोरात. मोडेमना गारवा मिळाला आणि शिवाय पाणी. चौथ्या दिवशी वरच्या ओळीतल्या तीन मोडेमचे लाल दिवे लुकलुकायचे सोडून एकदम स्थिर झाले. मी बोट लावून पाहिलं तर डब्याखाली ओल आणि खसेचा सुंदर वास. त्या संध्याकाळची सूचना मला अजून पाठ आहे : 'उन्हाळी हंगामानिमित्त यंत्रणेच्या थंडाव्याची विशेष व्यवस्था करण्यात आली असून, त्यामुळे काही लायनी विश्रांती घेत आहेत.' दोघा-तिघांनी अभिनंदनाचे फोन केले.

पण कला खरी दिसते ती दोष कुठे ठेवायचा यात. नियम सोपा आहे : दोष अशा जागी ठेवावा जिथे गिऱ्हाईक स्कूटरने जाऊ शकत नाही. 'इतवारीतल्या एक्स्चेंजमध्ये बिघाड' असं लिहाल तर चार जण इतवारीत जाऊन पाहून येतील, या गावात रिकामा वेळ आणि पेट्रोल दोन्ही निघतं. म्हणून समुद्र. 'समुद्राखालील केबलमधील तांत्रिक अडचण.' झिरो माईलचा दगड आपल्याकडे, मुंबईचा किनारा आठशे किलोमीटर लांब. कोण पाहायला जातं? उंदराने तार कुरतडली, समुद्र. बिल थकल्यामुळे वरच्या कंपनीने लाइन कापली, समुद्र. नऊ वर्षांत आम्ही अरबी समुद्रावर जेवढे आळ घेतले तेवढे कुणा खलाशाच्या बायकोनेही घेतले नसतील.

आणि मग ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळ, समुद्राखालच्या दोन केबली खरोखर तुटल्या. देशभर नेट रखडलं. मी आनंदाने सूचना लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा खरी, गावाच्या नावासकट. एकानेही विश्वास ठेवला नाही. एक वकील साहेब तर म्हणाले, 'आता इजिप्त का? मुंबई पुरेना का तुम्हाले?' तेव्हा हे लक्षात ठेवा, खरं कारण हाती आलं तरी वापरू नये, सवय मोडते.

पोळ्याच्या आठवड्यात मात्र सांभाळून राहा. एरवी नागपूरकर सोसतो, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावची पीडा घालवायचा पुतळा, मिरवत निघते आणि ज्याच्यावर राग त्याचाही पुतळा, म्हणजे बडग्या. एका वर्षी गल्लीतल्या पोरांनी पुठ्ठ्याचा मोडेम करून काठीला लावल्याचं कानावर आलं. आम्ही त्या दिवशी तीसच्या तीस लायनी सुरू ठेवल्या. 'घेऊन जा गे मारबत' या आरोळीत आपलं नाव यायला नको, एवढी भीती पुरते. बाकीचं वर्ष मोकळं.

आमच्याकडे महाल भागातले एक निवृत्त गुरुजी होते. मुलगा न्यू जर्सीत. नातू झाला तेव्हा मुलाने फोटो पाठवला, तीनशे केबीचा. संध्याकाळच्या गर्दीत त्याला वीस मिनिटं लागणार आणि आमची लाइन पंधराव्याला तुटणार, हे ठरलेलं. फोटो वरून खाली उतरायचा. पहिल्या दिवशी जावळ दिसलं. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि भुवया. तिसऱ्या दिवशीही भुवयाच. गुरुजी ऑफिसात येऊन पेढा देत म्हणाले, 'भुवया आमच्या घराण्यातल्या आहेत.' तीन मिनिटांना एक कॉल या हिशेबाने त्यांचं टेलिफोनचं बिलही चढत होतं, ते त्यांनी काढलं नाही. मी त्यांना शिक्का मारलेला कागद दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसच्या खालचं काही ब्रॉडबँड नाही असं ठरवलं, पुढच्या वर्षी बीएसएनएलचं कनेक्शन घरोघर यायला लागलं, आणि आमचे तीस दिवे एकेक करून विझले. शेवटी मालकांनी कंपनी बंद करायची ठरवली आणि म्हणाले, 'एक शेवटची सूचना लिही. नीट लिही.' मी दोन दिवस घालवले. 'सेवेच्या सध्याच्या स्वरूपातून अधिक व्यापक स्वरूपाकडे वाटचाल करताना तूर्त लायनी विसाव्यास ठेवण्यात येत आहेत.' बंद हा शब्द कुठेही नाही.

पाठवायला यादी उघडली तर पैसे भरलेलं खातं एकच उरलं होतं. गुरुजींचं, एकोणीस तास शिल्लक. मेल पाठवून उपयोग नव्हता, लाइनच नव्हती. मग छापून घेतली आणि महालात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाले.

मग विचारलं, 'म्हणजे बाळ, सुरू कधी होईल?'

मी म्हटलं, 'होऊन राहिलं, गुरुजी.'