दोरी धरण्याचा अनुभव

'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' या प्रश्नाचं उत्तर मी मार्चपासून पाठ करतोय. आधी कंपनीनं तीन महिने बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही असं, बसवलं, मग घरी बसवलं. एकूण बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, पण तो रेझ्युमेत घालता येत नाही.

मामेभाऊ एचआरमध्ये, म्हणून तयारी त्यानं करून घेतली. "नेतृत्व, यश आणि ध्येय, या तिन्हीवर विचारतातच. खरं सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही." मग बोलायचं काय, हे तो आईच्या हातची मटार उसळ दोनदा घेऊन गेला तरी कळलं नाही.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत 34 वर्षं होते. त्यांना विचारलं, "तुमचं करिअरचं ध्येय काय होतं हो?" म्हणाले, "भोंगा व्हायच्या आत गेट." म्हणजे हा माणूस 34 वर्षं रोज सकाळी सायकलवरून ध्येय गाठत होता आणि आम्ही त्याला डबा विसरलात म्हणून ओरडत होतो. आईला यशाबद्दल विचारायचं कारणच नाही. आमच्याकडे यश म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा. तो हल्ली बाणेरला असतो आणि 'हायब्रिड' आहे, म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून काम (मला आधी वाटलं, गाडी घेतली). रविवारी जिन्यात भेटला की विचारतो, "मग, सध्या काय?" त्या 'सध्या'वर जो जोर असतो, तो लिहून दाखवता येत नाही.

मुलाखत हिंजवडीत, अकराला. कोथरूडहून साडेआठला निघालो, तरी पावणेअकराला वाकडच्या पुलाखालीच. समोर मेट्रोचे खांब. शिवाजीनगर ते हिंजवडी, 23 किलोमीटर, भूमिपूजन डिसेंबर 2018. तेव्हा या मेट्रोला कुणी पाच वर्षांनंतरचं विचारलं असतं, तर तिनंही माझ्यासारखंच छातीठोक उत्तर दिलं असतं.

आत एक मॅडम आणि एक सर. सरांचं डोकं लॅपटॉपमध्ये.

"नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग सांगा."

मामेभावानं दिलेलं 'टीमला सोबत घेऊन' वगैरे सगळं ऐन वेळी उडालं. तोंडातून निघालं, "मी दोरी धरायचो."

आता सांगणं भागच होतं. चार वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. ढोल कमरेला पेलवेना. ध्वज दिला, तर पहिल्याच दिवशी एका आजोबांचा चष्मा उडवला. तेव्हापासून दोरी. वादकांच्या कडेनं दोरी धरून उभं राहायचं, समोर ढोल, पाठीवर लक्ष्मी रस्त्याची सगळी गर्दी. मागचे म्हणतात, "ओ दादा, जरा दिसू द्या की!" पुढचा टोल थेट छातीत बसतो. एकदा तर एका बाईंनी ना ओळख ना पाळख, माझ्या खांद्यावर त्यांचं पोर बसवलं. दोन्ही हात दोरीला. पोरानं केस धरले. बेलबाग चौक ते अलका चौक ते पोर माझ्या डोक्यावर ताल धरून होतं.

"यातून काय शिकलात?" मॅडम.

"निघण्याआधी लघवीला जाऊन यावं."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. मी सावरायला गेलो, "म्हणजे बघा, पुढे मानाचा पहिला कसबा गणपती. त्यानं पाऊल उचलल्याशिवाय मागच्यांचं काही चालत नाही. ते नेतृत्व. आम्ही आपले दोरीवाले." हे बोलताना कळत होतं की मी स्वतःलाच नापास करतोय, पण गाडी उताराला लागली होती.

यशाची व्याख्या विचारली तेव्हा बाबांचंच उत्तर दिलं, "वेळेवर पोचणं." मी अकरा वीसला पोचलो होतो, सर अकरा चाळीसला. तो विषय आम्ही दोघांनीही वाढवला नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

इथे कंपनीच्या मूल्यांविषयी विचारायचं असतं. मी विचारलं, "आता कोथरूडला जायला कसं निघू?"

सर एकदम खुलले. लॅपटॉप मिटला, खुर्ची पुढे ओढली. "वाकडला अजिबात जाऊ नका. म्हाळुंगेवरून बाणेरला निघा. चारनंतर तर नावच काढू नका." मॅडमचं मत वेगळं पडलं. पाच-सात मिनिटं दोघं जोरात भांडले. शेवटी सरांनी समोरचा कागद उलटा करून मला नकाशा काढून दिला, वळणं, पेट्रोल पंप, खड्डा कुठे आहे त्यासकट.

चाळीस मिनिटांत घरी. आईला कौतुकानं नकाशा दाखवायला कागद काढला, तर तिनं तो उलटून पाहिला.

"अरे, हा तर तुझाच रेझ्युमे!"