तीनशेपैकी तीनशे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या आमच्या बुधवारच्या बोलिंग लीगबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. खालीच उत्तर द्यायला बसले होते, पण ते लांबत गेलं. तुमचे मुद्दे दोन ओळींत वाटेला लावण्यासारखे नाहीत, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही पुण्यातल्या एका मॉलमध्ये भाचरांना घेऊन बोलिंगला गेला होतात. जन्मात बॉल हातात न धरलेल्या तुमच्या भाचीने लागोपाठ दोन स्ट्राइक मारले, म्हणजे दोन्ही वेळा पहिल्याच बॉलने समोरच्या दहाच्या दहा पिना पाडल्या. त्यावरून तुमचं म्हणणं असं, की हा नशिबाचा मामला आहे. पळणं नाही, घाम नाही, एसीत उभं राहून बॉल सोडायचा, याला खेळ म्हणू नये. शिवाय हा पैसेवाल्यांचा टाइमपास. आणि तुमच्याच शब्दांत : "ज्या खेळात हजारो लोकांना पैकीच्या पैकी मिळतात, त्याचा पेपरच सोपा काढलेला असतो." शेवटी विचारलंत, "तुमचा स्वतःचा स्कोअर किती, ते तरी लिहा."

पेपरचा मुद्दा सगळ्यात जोरकस आहे, तिथूनच सुरुवात करते.

पैकीच्या पैकी म्हणजे ३००. एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दोन-दोन बॉलच्या दहा पाळ्या, आणि शेवटच्या फ्रेमचे दोन जादा बॉल धरून सलग बारा स्ट्राइक. अमेरिकेत दर वर्षी असे हजारो ३०० नोंदले जातात, हे खरं आहे. पेपर सोपा काढला जातो, हेही बऱ्याच अंशी खरं आहे. तुमच्या मनात आलेली शंका या खेळाच्या संस्थेलाच आली होती, आणि तिच्यापायी एका माणसाचा आयुष्यातला सर्वोत्तम दिवस नोंदवहीत चढलाच नाही.

तो माणूस ग्लेन ॲलिसन. १ जुलै १९८२ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा गावी लीगच्या संध्याकाळी त्याने तीन गेम खेळले आणि तिन्हींत ३००. छत्तीस बॉल, छत्तीस स्ट्राइक, बेरीज ९००. तोवर ही बेरीज अधिकृतपणे कोणाच्याच नावावर नव्हती. अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही तेव्हाची नियामक संस्था. तिने त्या लेन, म्हणजे बॉल ज्यांवरून पिनांकडे जातो त्या लांब वाटा, तपासल्या आणि ९०० नामंजूर केले. ॲलिसनने काही गैर केलं असं कोणीही म्हटलं नाही. लेनवरचं तेल नियमात बसत नव्हतं, एवढंच. पहिल्या मान्यताप्राप्त ९०० साठी १९९७ साल उजाडावं लागलं. तेव्हा नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जेरेमी सोनेनफेल्ड या कॉलेजच्या मुलाने तो केला.

तेल म्हणजे काय, हे मी मागच्या लेखात लिहिलंच नव्हतं. ती माझी चूक. तेल वगळून बोलिंगबद्दल लिहिलं, तर वाचणाऱ्याला हा खेळ तुम्हाला दिसला तसाच दिसणार.

लेन फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब आणि साधारण साडेतीन फूट रुंद असते. रुंदीत ३९ पट्ट्या, एकेक जेमतेम इंचभराची. खेळ सुरू व्हायच्या आधी एक मशीन लेनवरून फिरतं आणि सुरुवातीच्या चाळीसेक फुटांवर तेलाचा थर देतं. पुढचे वीसेक फूट कोरडे. अख्ख्या लेनला तेल किती, तर वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे. डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाही. तेलावर बॉल घसरत जातो, कोरड्यावर आला की लाकूड पकडतो आणि वळतो. हाच हुक. कॅरमवर पावडर कुठे जास्त पडली आणि कुठे पुसली गेली यावर स्ट्रायकर कसा बदलतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे तेच आहे, फक्त पावडर दिसत नाही आणि स्ट्रायकर सात किलोचा आहे.

आता सोप्या पेपरबद्दल. रोजच्या लेनवर मधे भरपूर तेल आणि दोन्ही कडांना अगदी कमी, अशी वाटणी असते. तिला हाऊस शॉट म्हणतात. हुक टाकणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल चुकून उजवीकडे गेला, तर कडेच्या कोरड्या भागावर तो जास्त वळून परत येतो. चुकून मधे गेला, तर तेलावर कमी वळतो आणि फार डावीकडे जात नाही. चूक दोन्हीकडून सांभाळून घेतली जाते. हजारो ३०० येतात ते यामुळे. मोठ्या स्पर्धांत मात्र मधलं आणि कडेचं तेल यांतला फरक मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे बॉल दोन पट्ट्या इकडेतिकडे गेला की गेलाच. लीगमध्ये १६०च्या आसपास खेळणारी मी अशा पॅटर्नवर पहिल्यांदा खेळले तेव्हा तिन्ही गेम १२०च्या घरात गेले. हात तोच, बॉल तोच, आणि लेनकडे नुसतं बघितलं तर तीही तीच.

तेल जागचं हलतही असतं. बुधवारी सातच्या सुमाराला सुरुवात होते. पहिल्या गेममध्ये मी लेनवर नेमासाठी काढलेल्या बाणांपैकी दुसऱ्या बाणावरून बॉल सोडते आणि तो पॉकेटमध्ये, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या पिनांच्या मधे, शिरतो. (पिना त्रिकोणात उभ्या असतात; सर्वांत पुढची एक नंबर, तिच्या मागे उजवीकडे तीन.) बॉल परत आला की त्याच्यावर तेलाची बारीक वर्तुळं उमटलेली असतात, एकाला लागून दुसरं, दोन ठिकाणी एकमेकांना चिकटून मधे पसरलेली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे लेनवरून उचललं गेलेलं थोडं तेल. टॉवेलने पुसते तेव्हा कापडावर राखाडी पट्टा उठतो. दोन टीमचे दहाजण एकाच जोडीच्या लेनवर खेळत असतील, तर तासाभरात त्या वाटेवरचं तेल संपतं, बॉल लवकर वळायला लागतो आणि पहिल्या पिनच्या डावीकडे जाऊन आदळतो. आमच्या टीममध्ये सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, फाउंड्रीतून निवृत्त झालेले. ते दुसऱ्याच्या बॉलकडे बघून सांगतात, "आता डावीकडे सरक. पाय दोन पट्ट्या, नेम एक पट्टी." मला हे कळेपर्यंत दोन फ्रेम हातच्या गेलेल्या असतात. क्रिकेटमध्ये पाचव्या दिवशीच्या खेळपट्टीवर भेगा तरी दिसतात. इथे आधीच्या बॉलने काय केलं एवढाच पुरावा हातात असतो, आणि बॉल फाउल लाइन ओलांडून पिनपर्यंत पोचायला जेमतेम अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं.

तुमच्या भाचीच्या दोन स्ट्राइककडे वळते. ते नशिबाने आले असतील, हे मला मान्य आहे. सरळ बॉलनेही दहा पिन पडतात. पॉकेटमध्ये नेमका शिरलेला बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो : एक, तीन, पाच आणि नऊ. बाकी सहा पिन पिनांनीच पाडायच्या असतात. एक नंबर दोनला, दोन चारला, चार सातला. तीन सहाला, सहा दहाला. पाच आठला. हे सगळं जुळून यायला बॉल थोडा तिरका आत शिरावा लागतो, म्हणून हुकसाठी एवढा जीव टाकायचा. सरळ बॉल पहिल्या पिनला लागून बाजूला फेकला जातो आणि पाच नंबरपर्यंत पोचेलच असं नाही. तरी कधीकधी पिना घरंगळत जाऊन एकमेकींना पाडतात. एक-दोन फ्रेममध्ये नशीब चालतं. म्हणूनच लीगमध्ये एका गेमला कोणी विचारत नाही, सबंध सीझनचा ॲव्हरेज बघतात.

नशिबाचा मुद्दा एका हिशेबाने बघा. समजा एका खेळाडूला आख्ख्या गेममध्ये एकही स्ट्राइक मिळाला नाही. प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या बॉलने नऊ पिन पडल्या आणि दुसऱ्या बॉलने त्याने उरलेली एक पाडली, म्हणजे स्पेअर केला. स्पेअरला दहा अधिक पुढच्या बॉलच्या पिन मिळतात, म्हणून प्रत्येक फ्रेमचे १९. शेवटच्या जादा बॉलवरही नऊ धरले तर एकूण १९०. दुसऱ्या खेळाडूनेही दर वेळी नऊच पाडल्या, पण ती उरलेली पिन त्याची दर वेळी चुकली. त्याचे ९०. एकट्या उरलेल्या पिनेवर शंभर गुणांचा फरक. साठ फुटांवर उभी, पंधरा इंच उंचीची एक पिन, आणि तीही बहुधा लेनच्या अगदी कोपऱ्यात, गटरला, म्हणजे कडेच्या खोबणीला, लागून. बोलिंगचा सगळा सराव या पिनेसाठी असतो. तिथे हुक टाकायचा नाही. तेलाला दाद न देणारा प्लास्टिकचा बॉल घ्यायचा आणि लेनवर तिरकी रेघ मारल्यासारखा सरळ सोडायचा. तुमच्या भाचीने त्या दिवशी किती स्पेअर घेतले, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

घामाबद्दल फार लिहीत नाही. बॉल जास्तीत जास्त १६ पाउंडांचा असतो, म्हणजे सव्वासात किलो. पुरुषांच्या गोळाफेकीतला गोळाही तेवढ्याच वजनाचा. दिवसाला आठ गेमच्या स्पर्धेत सव्वाशेच्या वर वेळा तो झुलवून सोडावा लागतो, तोही घसरत्या डाव्या पायावर, एका गुडघ्यात वाकून, आणि शेवटच्या गेममध्ये पहिल्यासारखाच. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी दोन्ही हातांनी बॉल टाकतो. अगदी लहान असताना एका हाताने बॉल पेलवत नव्हता म्हणून तो दोन हातांनी टाकायला लागला आणि पुढे त्याने तीच पद्धत ठेवली. लोक नाकं मुरडत होते, तेव्हाही त्याने बदलली नाही. आज पुरुषांच्या व्यावसायिक टूरवर सर्वाधिक मेजर स्पर्धा जिंकल्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. धोक्याचं विचाराल, तर जानेवारीत बाहेरून आत येताना माझ्या बुटाच्या तळाला चिमूटभर बर्फ चिकटला होता. घसरायचा पाय जागीच थांबला, अंग मात्र पुढे गेलं. गुडघा महिनाभर सुजलेला होता.

पैशांबद्दल मात्र तुमच्याशी निम्मी सहमत आहे. पुण्या-मुंबईत मॉलमध्ये दर गेमला जे मोजावे लागतात, त्यात कोणा मुलाने आठवड्याला वीस गेम सराव करणं शक्य नाही. सराव नाही तर खेळाडू कुठून येणार? तरीही आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि तामिळनाडूच्या शब्बीर धनकोट यांच्यासारखे खेळाडू घडले, याचं मला फार अप्रूप वाटतं. आशियाई खेळांत बोलिंग १९७८ मध्ये बँकॉकला आलं. २०१८ नंतर ते तिथून वगळलं गेलं, तेव्हा मुलांना दाखवायला एक मोठं स्वप्नही गेलं.

पण मी जिथे राहते त्या मिलवॉकीत हा पैसेवाल्यांचा खेळ कधीच नव्हता. बिअरचे कारखाने, फाउंड्र्या, मशीन शॉप, यांच्या पाळ्या सुटल्यावर माणसं लीग खेळायची. इथे 'हॉलर हाऊस' नावाचा १९०८ सालचा बार आहे. त्याच्या तळघरात दोन लाकडी लेन आहेत, देशातल्या सर्वांत जुन्या मान्यताप्राप्त लेन. तिथे आजही पिना मशीन लावत नाही, पलीकडे बसलेला मुलगा हाताने लावतो. मी गेले तेव्हा पिना लावून तो वर कठड्यावर चढून बसला आणि मगच आम्ही बॉल सोडला. पिन पडल्याचा आवाज त्या बुटक्या छताखाली इतका जवळून येतो की छातीत जाणवतो.

या खेळाला बोल लावायचाच असेल, तर पैशापेक्षा मोठा डाग आहे. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या नियमात १९५० पर्यंत सदस्यत्व फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. मोटार कामगारांच्या युनियनने आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला, तेव्हा 'गोऱ्या' हा शब्द गेला. आमच्या लीगच्या यादीत माझं मराठी आडनाव छापलेलं बघते तेव्हा मला त्या लोकांची आठवण येते. तुम्ही प्रतिक्रियेत हे लिहिलं असतंत, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिला माझा स्कोअर. या सीझनचा ॲव्हरेज १६४. गेल्या बुधवारचे तीन गेम १५८, १८१ आणि १४९. दहा नंबरची पिन सात वेळा एकटी उरली, त्यांतल्या चार वेळा घेतली. चुकलेल्या तीनपैकी दोन तिसऱ्या गेममधल्या, दोन्ही वेळा बॉल पिनच्या डावीकडून बोटभर अंतराने गेला. उद्या संध्याकाळी लीगच्या आधी अर्धा तास लेन मिळते आहे, तेव्हा तेवढ्याच एका पिनेवर टाकणार आहे.