‘ड्रायव्हर लागतच नाही’ म्हणे!

‘स्टेपर मोटर पाच मिनिटांत, ड्रायव्हरशिवाय’ हा मेसेज फिरत फिरत भाच्यापर्यंत पोचला. (स्टेपर म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणारी मोटर, ड्रायव्हर म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर तिला प्रवाह देणारं सर्किट.) वायरी खोचायच्या आधी त्याने विचारलं, हे नशीब. मेसेजचं म्हणणं असं: ड्रायव्हर ही विकणाऱ्यांची चलाखी आहे, २८बीवायजे-४८ मोटरच्या चार वायरी सरळ अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या ८ ते ११ पिनांना लावा आणि लाल वायर ५ व्होल्टला. स्विच पिन आणि ५ व्होल्टच्या मध्ये टाका, रेझिस्टर नको. दिशा उलटवायची तर मोटर चालू असतानाच वायरी अदलाबदल करा. आणि स्टेपर पावलं मोजूनच चालते, तेव्हा लिमिट स्विचही (टोकाला पोचल्याचं सांगणारा स्विच) नको.

आधी ड्रायव्हरचं बघू, कारण बोर्ड जातो तो इथेच. या मोटरच्या एका कॉइलचा रोध साधारण ५० ओहम. ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर झाले. आता उनोवरच्या एटीमेगा३२८पी या मुख्य चिपची डेटाशीट उघडा आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’चा तक्ता वाचा: एका पिनला ४० मिलिअँपिअर. ही रोज वापरायची मर्यादा नाही, हिच्या पलीकडे चिप कायमची बिघडू शकते. पिनचे आउटपुट व्होल्टेज दिलेत तेसुद्धा २० मिलिअँपिअरला.

‘पण व्हिडिओत फिरते ना!’ फिरते, मान्य. पिनच्या आतल्या ट्रान्झिस्टरचाच रोध २५ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे १०० ऐवजी ६५-७० मिलिअँपिअर वाहतात आणि मोटर कशीबशी वळते. एका वेळी दोन कॉइल चालू असतात, म्हणजे बेरीज १३० च्या पुढे. त्याच डेटाशीटच्या तळटीपेत बी० ते बी५ आणि डी५ ते डी७ या गटातून आत येणाऱ्या प्रवाहाची बेरीज १०० च्या वर जाऊ नये असं लिहिलंय. उनोच्या ८ ते ११ पिना म्हणजे चिपच्या बी० ते बी३. एकाच गटातल्या चारही! शिवाय कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज चिपच्या आतल्या चिमुकल्या डायोडांवर येतो, ते या कामासाठी नाहीतच. पिन पहिल्याच दिवशी मरेल असं नाही. एखादी अर्धमेली होते, मोटर जागच्या जागी थरथरते आणि पोरं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात.

या मोटरबरोबर वापरतात त्या यूएलएन२००३ ड्रायव्हर चिपच्या एका चॅनलची क्षमता ५०० मिलिअँपिअर आहे आणि डायोड आतच आहेत. फक्त ९ नंबरची कॉमन पिन मोटरच्या प्लसला जोडलेली हवी. तयार बोर्डावर ती असतेच. तो साधारण १ व्होल्ट खातो हे खरं, तरी थेट पिनपेक्षा कॉइलला जास्तच प्रवाह मिळतो. मोटरला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, पण दोन्हींचे ग्राउंड एकत्र करा. ते विसरलं की इनपुटचे सिग्नल यूएलएनला कळतच नाहीत.

चालू मोटरच्या वायरी काढण्याचा सल्ला कुणाच्या डोक्यातून आला असेल, याचा मला अंदाज आहे. अर्डुइनोच्या स्टेपर लायब्ररीत पिना ८, ९, १०, ११ अशा ओळीने दिल्या की ही मोटर नुसती गुणगुणते किंवा एकाच दिशेला जाते. क्रम ८, १०, ९, ११ असा द्या, स्टेपची संख्या ऋण लिहा, मुकाट उलटी फिरते. चार वायरींच्या मोटरमध्ये एका कॉइलची दोन टोकं बदलून दिशा बदलते हे अर्धसत्य आहे, पण सप्लाय बंद करून. नेमा १७ ही चार वायरींची मोटर आणि तिचा ए४९८८ ड्रायव्हर यांच्यावर हाच उद्योग चालू असताना केलात तर तुटलेल्या प्रवाहाचा झटका बसून ड्रायव्हर जागीच जाऊ शकतो.

स्विचला रेझिस्टर नको, हेही अर्धं खरं. स्विच पिन आणि ग्राउंडच्या मध्ये लावून कोडमध्ये इनपुट_पुलअप लिहिलंत तर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. मेसेजप्रमाणे ५ व्होल्टला लावलात तर बटण सोडल्यावर पिन अधांतरी राहते आणि हात जवळ नेला तरी मोटर सुटते. बटण एकदा दाबूनही दोनदा मोजलं गेलं, तर २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स घाला, म्हणजे तेवढा वेळ पुढचे बदल मोजू नका.

राहिली पावलं मोजण्याची गोष्ट. मोजतो तो कोड, मोटर नव्हे. एका फेरीला साधारण २०४८ पावलं. दर पावलाला २ मिलिसेकंद ठेवले तर फेरीला ४ सेकंदांहून थोडं जास्त लागतं. घाईने १ मिलिसेकंद केलात तर मोटर उभ्या जागी गुणगुणते, कोडमधला आकडा मात्र पुढे पळतो. दांडा अडकला तरी तेच. म्हणून सुरुवातीला लिमिट स्विचपर्यंत जाऊन शून्य ठरवावं लागतं. तिथेही स्टेप(२०४८) लिहू नका: ती फेरी पूर्ण होईपर्यंत स्विच वाचलाच जात नाही. स्टेप(१) द्या आणि प्रत्येक पावलानंतर स्विच बघा. स्विचची कॉमन आणि एनसी (न दाबता जोडलेलं) ही टोकं वापरा, एनओ (दाबल्यावर जोडलं जाणारं) नको. पुलअप असताना एनसीची वायर तुटली तर पिन हाय होते, कोडला स्विच दाबल्यासारखा वाटतो आणि मोटर थांबते. एनओची वायर तुटलेली कळते ती मोटरने सरकणारा भाग टोकाला आदळल्यावरच.