पाळीचा मुहूर्त आणि तंबाखूची तलफ

तासगाव परिसरातील बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘पाळी संपल्यानंतरच्या दहा दिवसांतच बायकांनी सिगारेट किंवा मिश्री सोडावी, पाळीच्या तोंडावर सोडली तर ती सुटत नाही, उलट पाळी बिघडते, तंबाखू सोडवण्यासाठी दिले जाणारे निकोटिनचे च्युइंगम बायकांना लागू पडत नाही,’ असा त्याचा मजकूर आहे. यातला पहिला दावा निव्वळ थाप नाही, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते.

पाळी सुरू झाल्यापासून बीजोत्सर्गापर्यंत, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडेपर्यंत, इस्ट्रोजेन वाढत जाते, तर त्यानंतरच्या साधारण चौदा दिवसांत प्रोजेस्टेरॉनचा जोर असतो, आणि तंबाखूतल्या निकोटिनच्या ओढीशी या दोन्ही संप्रेरकांचा संबंध असावा, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. मात्र त्यावरून मुहूर्त निघत नाही. २००८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे दोनशे स्त्रियांना दोन गटांत विभागून चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांत सिगारेट सोडायला सांगितले, तेव्हा औषधाविना पहिल्या टप्प्यात, म्हणजे संदेशाने शुभ ठरवलेल्या दिवसांतच, सोडणाऱ्या स्त्रिया अधिक लवकर पुन्हा सिगारेटकडे वळल्या. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावून झालेल्या दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात कल याच्या उलट होता. मग हे दहा दिवस कोणी ठरवले? शिवाय हे प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्या भारतीय स्त्रिया २ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के आढळल्या; आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून मिश्री लावणाऱ्या बायका या दुसऱ्या गटातल्या, आणि सिगारेटचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

पाळीच्या तोंडावर सोडू नये, या सल्ल्यात तर साधा हिशोब चुकला आहे. तंबाखू सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, उडालेली झोप, वाढलेली भूक ही त्याची लक्षणे पाळीच्या आधीही अनेकींना जाणवतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की तलफ अनावर वाटू शकते, हे खरे. पण पाळी संपताच सोडणारीलाही तीन आठवड्यांत पुढच्या पाळीआधीचे तेच दिवस गाठतात. ते टाळण्यापेक्षा दिनदर्शिकेवर त्यांवर खूण करून ठेवावी आणि त्या दिवसांपुरती घरातली मिश्रीची डबी कोणाच्या तरी हवाली करावी.

पाळी बिघडण्याचे म्हणाल, तर धूम्रपानाचाच संबंध पाळीतील वाढत्या वेदनांशी आणि एक-दोन वर्षे लवकर येणाऱ्या रजोनिवृत्तीशी आहे. सोडल्यावर बिघडते ते बहुधा पोट (मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे आपण ऐकतोच), आणि ती बद्धकोष्ठता तात्पुरती असते.

राहिला प्रश्न च्युइंगमचा. स्त्रियांचे शरीर सरासरीने पुरुषांपेक्षा निकोटिन लवकर विघटित करते, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत तो वेग आणखी वाढतो. त्यामुळे मात्रा अपुरी पडत असेल, तर ती डॉक्टरांना विचारून बदलावी. अनेकदा चूक वापराच्या पद्धतीत असते. साध्या च्युइंगमसारखे सतत चघळले की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाऊन वाया जाते. झणझणीत चव येईपर्यंत हळू चावून मग ते गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे असते, आणि मिश्री लावणाऱ्या बाईला ती जागा दाखवावी लागत नाही.